घरपट्टी चुकली असेल तर

मार्च जवळ आला की तालुक्याच्या गावातून थकबाकीच्या रिक्षा फिरू लागतात. भोंग्यावर एकच पुकारा असतो: घरपट्टी-पाणीपट्टी भरा, जप्ती टाळा. जामनेरकरांनाही तो पाठ आहे. माणसं बिल घेऊन नगरपरिषदेत जातात, आकडा मोठा वाटला तर खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याला दोन शब्द ऐकवतात आणि पैसे भरून पावती घेऊन परततात. तो कर्मचारी आकडा ठरवत नाही आणि बदलूही शकत नाही. आकडा जिथं ठरतो ते रजिस्टर आतल्या खोलीत असतं. ते पाहायला मागणारा माणूस मात्र फार क्वचित भेटतो.

घरपट्टीबद्दल लोकांची तक्रार असते ती दराची. दर जास्त आहे, नगरसेवकांनी तो कमी करायला हवा होता, असं आपण म्हणतो. पण दर साऱ्या गावाला सारखा असतो. एकट्या तुमच्या घराचं बिल चुकतं ते बहुतेक वेळा दरामुळे चुकत नाही, तुमच्या घराचं जे वर्णन कागदावर उतरलं आहे त्यामुळे चुकतं. घर किती चौरस मीटर आहे, भिंती आणि छत कशाचं आहे, बांधून किती वर्षं झाली, त्यात कोण राहतं, पुढच्या खोलीत दुकान आहे की माणसं झोपतात, या पाच-सहा गोष्टींवर बिल उभं असतं. त्यातली एखादी चुकीची लिहिली गेली तर पुढचा सगळा हिशेब बिनचूक करूनही बिल चुकीचंच येणार. आणि ते वर्णन खरं की खोटं, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतं.

आधी हिशेब समजून घेऊ. जामनेरसारख्या नगरपरिषदेचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 या कायद्याने चालतो. या कायद्यातली जुनी आणि अजूनही रूढ असलेली पद्धत भाड्यावर आधारलेली आहे. तुमचं घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला साधारण किती भाडं आलं असतं, हा तिचा पाया. तुम्ही स्वतः राहत असलात तरी हे भाडं कल्पून काढलं जातं. त्यातून दुरुस्ती-देखभालीसाठी 10 टक्के वजा करतात. उरतं ते करयोग्य मूल्य. त्या मूल्यावर नगरपरिषदेने ठरवलेल्या टक्केवारीने कर लागतो.

नुसतं उदाहरण म्हणून आकडे घेऊ. घर 60 चौरस मीटरचं, भाड्याचा दर चौरस मीटरला महिन्याला 10 रुपये. महिन्याचं भाडं 600, वर्षाचं 7,200. 10 टक्के म्हणजे 720 वजा केले की करयोग्य मूल्य 6,480. कर 25 टक्के धरला तर 1,620 रुपये. आता मोजणाऱ्याने मागचा उघडा ओटा आणि अंगणातला जिना धरून हेच घर 80 चौरस मीटर लिहिलं, तर वर्षाचं भाडं 9,600, करयोग्य मूल्य 8,640 आणि कर 2,160. वर्षाला 540 रुपयांचा फरक. आकारणीची यादी चार वर्षं चालते, म्हणजे चार वर्षांत 2,160 रुपये. अख्ख्या एका वर्षाचं चुकीचं बिल तुम्ही फुकट भरलंत. मोलमजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

क्षेत्रफळापेक्षाही महाग पडते ती वापराची चूक. खान्देशातल्या जुन्या घरांची ठेवणच अशी की रस्त्याकडची खोली कधी दुकान असते, कधी बैठक. वडिलांनी तिथे किराणा मांडलेला असतो. ते गेल्यावर दुकान मोडतं, शटर गंजतं, आत गव्हाच्या कोठ्या येतात. पण रजिस्टरात ती खोली व्यापारीच राहते, कारण दुकान बंद झाल्याचं कोणी कळवलेलं नसतं. व्यापारी जागेचा भाड्याचा दर राहत्या जागेच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे त्या एका खोलीचा कर उरलेल्या घराएवढाही होऊ शकतो.

ही चूक पकडायची एक सोपी खूण बिलातच असते आणि ती प्रत्येकाने पाहावी. घरपट्टीच्या बिलात नगरपरिषदेच्या कराखाली वृक्ष कर, अग्निशमन कर, घनकचऱ्याचं शुल्क अशा ओळी असतात. त्यातच राज्य सरकारसाठी वसूल केला जाणारा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर असतो. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी जागेवर लागतो. तुमच्या घरात दुकान नाही, गोदाम नाही, कार्यालय नाही, आणि तरीही रोजगार हमी कराच्या रकान्यात आकडा आहे, तर समजावं की रजिस्टरात तुमच्या घराचा काही भाग बिगरनिवासी लिहिलेला आहे. शिक्षण कराचा दरही बिगरनिवासी जागेला चढा असतो, म्हणजे एका चुकीच्या शब्दाने बिलातल्या तीन ओळी फुगतात.

बांधकामाच्या प्रकाराचंही तसंच. धाब्याचं मातीचं घर, पत्र्याचं घर, विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकलेलं घर आणि खांब-तुळयांचं आरसीसी घर यांचे दर वेगळे. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आणि मागे अजून धाबं, अशी अर्धी-अर्धी घरं आपल्याकडे खूप आहेत. रस्त्यावरून बघणाऱ्याला पुढचा स्लॅब दिसतो आणि सबंध घर आरसीसी म्हणून लिहून होतं. आजकाल मोजणीचं काम अनेक ठिकाणी खासगी संस्थांकडे दिलं जातं. त्यांची मुलं यंत्राने भराभर मापं घेतात. घर बंद असेल तर बाहेरून अंदाज बांधला जातो. या मुलांना मी दोष देत नाही. दिवसाला ठरावीक घरं उरकायची असतात. पण त्या अंदाजाचं बिल तुम्हाला चार वर्षं भरायचं असतं, म्हणून तो अंदाज तपासणं तुमच्याच हिताचं आहे.

याखेरीज दोन चुका आपल्याकडे वारंवार होतात. भावाभावांत वाटणी होते, नव्या नावाने नवा मालमत्ता क्रमांक पडतो, पण जुन्या क्रमांकातून तेवढं क्षेत्र वजा होत नाही. मग एकाच खोलीचा कर दोघे भाऊ भरतात आणि एकमेकांना विचारत नाहीत, कारण वाटणीनंतर बोलणंच खुंटलेलं असतं. दुसरी चूक पाडलेल्या घराची. जुनं घर पाडून मोकळी जागा ठेवली तरी बिल घराचं येत राहतं. नवं बांधल्यावर नव्याचंही सुरू होतं, जुनंही थांबत नाही.

हे सगळं दुरुस्त होऊ शकतं. पण कधी, हे महत्त्वाचं. कायद्यात या दुरुस्तीसाठी एक ठरलेली खिडकी आहे आणि ती उघडी असते तेव्हा बहुतेकांचं तिच्याकडे लक्षच नसतं.

दर चार वर्षांनी नगरपरिषद आकारणीची नवी यादी करते. सरकारी कागदात तिला चतुर्थ वार्षिक कर आकारणी म्हणतात. कच्ची यादी तयार झाली की कलम 119 खाली जाहीर नोटीस निघते. यादी नगरपरिषदेत लोकांना पाहण्यासाठी ठेवली जाते आणि हरकती घ्यायला 30 दिवसांची मुदत मिळते. ज्याच्या घराला पहिल्यांदा कर लागतो आहे किंवा ज्याचं मूल्य वाढलं आहे, त्याला वेगळी विशेष नोटीस द्यावी लागते. तो कागद बिलासारखाच दिसतो, म्हणून कितीतरी घरांत बिल समजून देवघराच्या फळीवर ठेवून दिला जातो. त्यावर ‘हरकत’ हा शब्द दिसला की त्याच दिवशी तारीख लिहून ठेवावी.

हरकतींची सुनावणी घेणारा अधिकारी नगरपरिषदेचा नोकर नसतो. कायद्याने त्याला प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी म्हटलं आहे आणि हे काम सहसा राज्याच्या नगररचना खात्याचा जिल्ह्याचा अधिकारी करतो. म्हणजे ज्याला कर हवा आहे त्याने मूल्य ठरवू नये, एवढा विवेक या कायद्यात आहे. सुनावणीनंतर तो यादीवर शेवटची सही करतो. त्या सहीनंतर यादीतला आकडा कराच्या कामासाठी निर्णायक पुरावा मानला जातो. ही तरतूद नीट लक्षात घ्यायला हवी. सहीआधी तुमच्या घराचं माप हा चर्चेचा विषय असतो. सहीनंतर कागदावरचं माप हेच कायद्याच्या दृष्टीने खरं माप ठरतं.

पुढचा दरवाजा मालमत्ता कर अपील समितीचा, कलम 169 प्रमाणे. पण तिथे जायच्या अटी कडक आहेत. बिल मिळाल्यापासून 15 दिवसांत अपील करायचं. त्याआधी, नोटिशीच्या मुदतीत, लेखी हरकत घेतलेली असली पाहिजे. आणि बिलाची रक्कम आधी नगरपरिषदेत भरलेली असली पाहिजे. ज्याने 30 दिवसांत हरकत घेतली नाही त्याला अपिलाची पायरीही चढता येत नाही. मला या साऱ्या कायद्यात ही अट सर्वांत जाचक वाटते. नोटीस समजली नाही म्हणून गप्प राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला आणि जाणूनबुजून गप्प राहिलेल्याला ती एकाच मापाने मोजते.

तरीही मुदत गेली म्हणून हात बांधले असं होत नाही. यादी चार वर्षांच्या मधेही दुरुस्त करण्याची सोय आहे. घर पाडलं, वापर बदलला, नोंद दुबार झाली, अशा गोष्टी कधीही अर्ज करून निदर्शनाला आणता येतात. मात्र अशा दुरुस्तीचा फायदा पुढच्या काळासाठी सहज मिळतो, मागच्या वर्षांसाठी झगडावं लागतं. म्हणून एका गोष्टीवर माझा भर आहे: चूक कळली त्या आठवड्यात अर्ज द्या. पुढच्या मार्चपर्यंत थांबलात तर ते वर्षही गेलं.

दुसरी गोष्ट, भांडायचं असेल तरी बिल थकवू नका. नगरपरिषदेच्या थकलेल्या करावर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24 टक्के. वर काढलेल्या 2,160 च्या बिलावर ही शास्ती वर्षाला 500 रुपयांच्या वर जाते. चूक दुरुस्त होऊन जे 540 वाचले असते ते जवळजवळ सगळे शास्तीत गेले. त्यापेक्षा पैसे भरावेत आणि ‘आकारणीबद्दल हरकत कायम ठेवून भरत आहे’ असं पत्र देऊन त्याची पोच घ्यावी.

हे झालं शहराचं. जामनेर तालुका मात्र बहुतांश खेड्यांचा आहे. पहूर, फत्तेपूर, नेरी, वाकोद इथे कर बसवते ती ग्रामपंचायत, आणि तिचा हिशेब निराळ्या रीतीने चालतो. पूर्वी तो नुसत्या क्षेत्रफळावर होता. त्या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि 31 डिसेंबर 2015 रोजी राज्य सरकारने ग्रामपंचायतींच्या कर व फी नियमांत बदल करून भांडवली मूल्यावर कर आणला. आता जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक यांचा गुणाकार-बेरीज करून घराचं मूल्य काढतात आणि दर हजार रुपयांमागे काही पैसे असा कर लावतात. भारांक राहत्या घराला 1, औद्योगिक वापराला 1.20 आणि व्यापारी वापराला 1.25.

पुन्हा समजण्यापुरते आकडे घेऊ. घर 50 चौरस मीटर, जमिनीचा दर 800 रुपये, बांधकामाचा 12,000 रुपये, घसारा जाऊन उरलेला भाग 0.80. जमिनीचे 40,000 आणि बांधकामाचे 4,80,000 मिळून मूल्य 5,20,000. हजारी 1 रुपया 20 पैसे लावले तर कर 624 रुपये. तेच घर व्यापारी लिहिलं गेलं तर मूल्य 6,50,000 आणि कर 780. घराचं वय कमी लिहिलं तर घसारा कमी मिळतो आणि कर वाढतो. मातीच्या घराचा हजारी दर आरसीसीच्या मानाने बराच खाली असतो, शिवाय बांधकामाचा मूळ दरही कमी धरला जातो, म्हणून खेड्यात बांधकामाचा प्रकार चुकला तर मार दुहेरी बसतो.

ग्रामपंचायतीत पाहायचे कागद दोन. नमुना 8 म्हणजे आकारणीची नोंद, नमुना 9 म्हणजे मागणीची. नमुना 8 चा उतारा तर प्रत्येकाच्या घरात असतो, कर्जाला लागतो, घरकुलाला लागतो, वीज मीटरला लागतो. पण त्यावरचं नाव सोडून उरलेले रकाने कोणी वाचत नाही. ग्रामपंचायतीची आकारणी मान्य नसेल तर 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 124 प्रमाणे अपील पंचायत समितीकडे जातं आणि तिचाही निर्णय पटला नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. जामनेरला पंचायत समिती, जळगावला जिल्हा परिषद. वकील लागतोच असं नाही. ग्रामपंचायतीचा कर वर्षाच्या पहिल्या सहामाहीत भरला तर 5 टक्के सूट मिळते, हेही अनेकांना माहीत नसतं.

ज्या गावची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली तिथे तर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. शेंदुर्णी हे आपल्या तालुक्यातलं असं गाव. नगरपंचायत झाली की गाव 1965 च्या कायद्याखाली येतं. अशा वेळी भांडवली मूल्याच्या जुन्या नोंदी मागे पडून भाड्याच्या हिशेबाने नवी आकारणी होऊ शकते. नोंदवह्या एका कार्यालयातून दुसऱ्या नमुन्यात उतरवल्या जातात तेव्हा चुका होणारच. अशा गावातली पहिली आकारणी यादी प्रत्येकाने स्वतः जाऊन वाचावी, असं मी आग्रहाने सांगेन.

घराचं माप कोण खरं सांगतं, हा प्रश्न गावठाणात नेहमी पडतो. केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होते. तिची महाराष्ट्रातली पहिली चाचणी पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाली होती. या मोजणीतून मिळणारी सनद हरकतीला जोडायला चांगली. पण ती जागेचं माप सांगते, बांधकामाचं नाही. अंगण, खळं, गोठा धरून जागा 200 चौरस मीटर असली आणि घर त्यातलं 70 असलं, तर बांधकामाच्या रकान्यात 200 लिहिलं गेलं नाही ना, हे पाहायचं.

अशी हरकत घ्यायची पद्धत जगात इतरत्रही आहे आणि तिथला एक अनुभव आपल्या फार कामाचा आहे. इंग्लंडमध्ये 1993 पासून घरांवर कौन्सिल टॅक्स आहे. त्यासाठी प्रत्येक घर ए ते एच अशा आठ गटांत टाकलं गेलं आणि गट ठरवायला 1 एप्रिल 1991 रोजी ते घर किती किमतीला विकलं गेलं असतं हे धरलं गेलं. लाखो घरं थोड्या काळात उरकायची होती, म्हणून मूल्यांकन करणारे गाडीतून रस्त्याने हळूहळू जात आणि काचेतूनच घराकडे बघून गट टाकत. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये आजही तीच 1991 ची किंमत चालते. त्यामुळे तेव्हा चुकलेलं घर तीस वर्षं जादा कर भरत राहिलं. पुढे लोकांनी शेजाऱ्यांचे गट पाहायला सुरुवात केली. आपल्यासारखंच घर, एकाच रांगेत, आणि शेजारी खालच्या गटात, हे दिसलं की अर्ज. अनेकांचा गट खाली आला आणि मागच्या वर्षांचे पैसे परत मिळाले. तिकडे नोकरीनिमित्त गेलेली आपली मराठी मुलंही घर घेतल्यावर हे तपासून पाहू शकतात. घरात राहायला आल्यापासून सहा महिन्यांच्या आत रीतसर आव्हान देता येतं.

शेजाऱ्याशी तुलना हेच आपल्याकडचंही सगळ्यात धारदार हत्यार आहे. एकाच ओळीतली, एकाच वेळी बांधलेली, एकाच मापाची घरं, आणि तुमचं करयोग्य मूल्य दीडपट, तर सुनावणीत याला उत्तर देणं अवघड जातं. यादी लोकांसाठी खुली असते तेव्हा शेजारची नोंद पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. एरवी माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्याखाली आपल्या घराचा मोजमाप तक्ता मागता येतो. हा तक्ता हाती आल्याशिवाय हरकत लिहू नये. ‘बिल फार आहे’ ही हरकत नव्हे. ‘तक्त्यात मागील खोली 4 मीटर बाय 5 मीटर आरसीसी दाखवली आहे, ती प्रत्यक्षात 3 बाय 4 असून पत्र्याची आहे, फोटो जोडला आहे’ ही हरकत. टेप घेऊन दोघांनी मिळून मापं घ्यावीत, हाताने नकाशा काढावा, वीजबिल जोडावं. घरगुती मीटरचं वीजबिल हा दुकान बंद असल्याचा चांगला आधार असतो.

इंग्लंडच्या अनुभवातला धोकाही सांगायला हवा. तिथे फेरतपासणीत गट वरही जाऊ शकतो. आपल्याकडेही फेरमोजणीला कर्मचारी आला की तो तक्रारीची खोली मोजतो आणि गच्चीवर मागच्या वर्षी बांधलेली खोलीही मोजतो. विनापरवाना बांधकाम निघालं तर त्यावर जबर शास्तीचा प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून अर्ज देण्याआधी आपली बाजू आपणच तटस्थपणे तपासावी. जे बांधलं आहे त्याचा कर द्यायचाच आहे. जे बांधलेलं नाही त्याचा द्यायचा नाही, एवढीच ही मागणी आहे.

आता परताव्याचं. अर्ज मंजूर झाला म्हणजे नगरपरिषद रोख पैसे हातात ठेवेल, अशी अपेक्षा धरू नये. बहुधा जादा भरलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती होते. याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं अलीकडचं उदाहरण पुण्याचं. पुणे महापालिका 1970 पासून मालक स्वतः राहत असलेल्या घरांना वार्षिक भाडेमूल्यात 40 टक्के सवलत देत असे. ती मधल्या काळात बंद झाली आणि 2019 पासून नोंदलेल्या नव्या घरांना पूर्ण बिलं येऊ लागली. लोकांनी आवाज उठवला, विषय विधिमंडळापर्यंत गेला, आणि 2023 मध्ये राज्य सरकारने सवलत पुन्हा दिली. पण ती आपोआप मिळाली नाही. ज्यांना ती मिळत नव्हती त्यांना पीटी-3 नावाचा अर्ज भरून आपण घरात स्वतः राहतो हे दाखवावं लागलं. जादा भरलेले पैसे पुढच्या वर्षांच्या बिलांत समायोजित करायचं ठरलं. हक्क साऱ्यांचा होता, पण फायदा अर्ज भरणाऱ्याचा झाला.

नियमच चुकीचा असेल तर लढाई वेगळी. मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्यावर कर सुरू झाला तेव्हा मोकळ्या जागेवर पुढे किती बांधता येईल याचाही हिशेब मूल्यात धरला गेला. मालमत्ताधारकांची संघटना न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. अशी लढाई एकट्या घरमालकाच्या आवाक्यातली नसते. पण आपल्या घराच्या मापाची लढाई मात्र एकट्याची असते आणि ती एकट्याला जिंकता येते.

खान्देशातल्या अनेक घरांनी फौजेत माणसं दिली आहेत. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यासाठी 2020 मध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या नावाने मालमत्ता करमाफीची योजना राज्याने आणली. तिच्यासाठीही अर्ज आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. गावात अशी विधवा असेल आणि तिचं बिल अजून येत असेल, तर तो अर्ज कोणीतरी शेजाऱ्याने लिहून द्यावा.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली नगरपरिषदांच्या ज्या सेवा येतात त्यांत नव्याने आकारणी, पुनःआकारणी, करमाफी आणि रहिवास नसलेल्या मालमत्तेला सूट यांचा समावेश आहे. पुण्या-मुंबईला मुलांकडे राहायला गेलेल्या आणि जामनेरचं घर कुलूपबंद ठेवलेल्या कुटुंबांनी ही शेवटची सेवा जरूर विचारावी. या कायद्यात प्रत्येक सेवेला दिवस ठरलेले आहेत, ते उलटले की अपील करता येतं. त्यासाठी अर्ज आपले सरकार संकेतस्थळावर किंवा आवक खिडकीत द्यावा आणि क्रमांक घ्यावा. तोंडी सांगितलेली तक्रार कुठेच नोंदली जात नाही. ‘साहेबांना सांगितलंय, करतो म्हणालेत’ या भरवशावर आपल्याकडे माणसं दोन-दोन आकारण्या काढतात.

घराला वडिलांचं किंवा आजोबांचं नाव आहे म्हणून अर्ज कसा करायचा, असा पेच पडतो तेव्हा वारसांपैकी कोणीही, किंवा घरात प्रत्यक्ष राहणाऱ्याने, मृत्यूचा दाखला आणि आपला राहण्याचा पुरावा जोडून हरकत घ्यावी. नाव लावणं हा स्वतंत्र अर्ज आहे, तो त्याबरोबरच देऊन टाकावा. भाऊ विरोध करतील या भीतीने मापाची चूक तशीच ठेवण्यात अर्थ नाही. घरपट्टीचा उतारा मालकीचा पुरावा नसतो, त्यामुळे मापाच्या दुरुस्तीने कोणाचा हिस्सा वाढत नाही की घटत नाही. आणि दुबार नोंदीत दोघेही भाऊ नुकसानीत असतात, तेव्हा त्या एका अर्जावर तरी दोघांनी मिळून सही करावी.